चालत्या यंत्राला किती हात लावावा?

यंत्र बंद पडू नये म्हणून काय करावं, या प्रश्नाचं ब्रिटनमधलं पहिलं उत्तर भीतीपोटी आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या गिरण्यांमध्ये बॉयलर फुटून माणसं मरत होती. १८५४ मध्ये मँचेस्टरला विल्यम फेअरबेर्न या अभियंत्याच्या पुढाकाराने बॉयलर-तपासणीसाठी संघटना उभी राहिली. तपासनीस ठरावीक काळाने येऊन गंजलेला पत्रा, चिकटून बसलेला सेफ्टी व्हॉल्व्ह शोधू लागले. १९०१ च्या फॅक्टरी कायद्याने तर चौदा महिन्यांतून किमान एकदा बॉयलर तपासणं सक्तीचं केलं. दुर्घटनेआधीच डोळे उघडे ठेवायचे, हा विचार मोलाचाच होता. पण त्यासोबत एक समजही रुजला: यंत्र जितक्या वेळा उघडावं, तितकं ते सुरक्षित.

या समजाला दुसऱ्या महायुद्धात हादरा बसला. जर्मन पाणबुड्यांच्या मागावर असलेल्या, ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची बरीचशी विमानं दुरुस्तीत अडकून पडत. या प्रश्नावर काम करणाऱ्या गटात सी. एच. वॉडिंग्टन आणि सेसिल गॉर्डन होते. दोघेही पेशाने जीवशास्त्रज्ञ, त्यामुळे रूढ समजुतीपेक्षा नोंदींवर त्यांचा भरवसा. दर ५० उड्डाण-तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर बिघाड कधी निघतात, हे त्यांनी मांडून पाहिलं. सर्वाधिक बिघाड तपासणीनंतर लगेचच निघत आणि पुढे ते कमी होत जात. तपासणीच धडधाकट विमानात बिघाड घालत होती! यात नवल नाही. नीट चालणारा गिअरबॉक्स उघडला की कचरा आत जातो, सील दुमडतं, एखादा बोल्ट कमी-जास्त आवळला जातो. हे सगळं तपशिलात मांडणारं वॉडिंग्टन यांचं पुस्तक लोकांसमोर आलं, ते थेट १९७३ मध्ये.

दरम्यान १९६६ मध्ये ब्रिटनमध्येच पीटर जोस्ट या अभियंत्याच्या समितीने घर्षण, झीज आणि वंगणाचा हिशेब सरकारपुढे ठेवला. या बाबतीत ज्ञान नीट वापरलं, तर देशाचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा तो अंदाज होता. वंगणासारख्या दुय्यम मानलेल्या कामाला यामुळे राष्ट्रीय महत्त्व आलं.

पुढचं पाऊल जपानने टाकलं. साफसफाई, ऑइलिंग, बोल्ट आवळणं ही कामं तिथे ऑपरेटरकडे आली. रोज यंत्राशेजारी उभ्या असणाऱ्याला बेअरिंगचा बदललेला आवाज सर्वांत आधी कळतो. मोजमापही कडक झालं. यंत्राची एकूण परिणामकारकता तीन आकड्यांच्या गुणाकाराने मोजली जाऊ लागली: समजा, उपलब्धता ९० टक्के, वेग ९५ टक्के, दर्जा ९९ टक्के. प्रत्येक आकडा चांगला, पण गुणाकार जेमतेम ८५ टक्के.

हा सगळा प्रवास मला सक्तीकडून समजुतीकडे जाणारा वाटतो. आपल्याकडे अनेक कारखान्यांत आजही चेकलिस्टवर सही झाली की मेंटेनन्स झाला असं मानतात. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीला विचारायला हवं: तू नेमका कोणता बिघाड टाळतेस? उत्तर नोंदींतून मिळालं, तर ती ओळ काटेकोर पाळावी. बॉयलरसारख्या जिवाच्या प्रश्नात तर तडजोड नकोच. पण जिथे उत्तरच मिळत नाही, तिथे ते काम यादीतून काढायची हिंमत मेंटेनन्स प्रमुखाने दाखवावी आणि वाचलेला वेळ ऑपरेटरला शिकवण्यात घालवावा.