जिवंत धरणारे

शास्त्रपाठ : लूक 5:1-11; योहान 21:1-17



शुभवर्तमानांत विपुल मासे सापडल्याचे जे दोन प्रसंग आले आहेत, त्या दोहोंच्या आधी एक रिकामी रात्र आहे. गनेसरेत सरोवरावर शिमोन व त्याचे सोबती रात्रभर श्रमले आणि सकाळी रिकामे मचवे घेऊन काठाशी आले. पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्रावरही तसेच घडले. गालीलातील कोळ्यांची जाळी जवसाच्या सुताची असत. दिवसाच्या उजेडात ती माशांना दिसत. म्हणून रात्र ही धंद्याची वेळ आणि सकाळ ही जाळी धुण्याची. अशा सकाळी जाळी पुन्हा खोल पाण्यात सोडण्याची आज्ञा झाली, तेव्हा ती शिमोनाच्या साऱ्या अनुभवाच्या विरुद्ध होती. केवळ प्रभूच्या शब्दावर भिस्त ठेवून त्याने ती मानली. त्यानंतर प्रभूने त्याला सांगितले की, यापुढे तो माणसे धरणारा होईल.

या वचनाचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला आहे काय? कारण धरण्याचे प्रकार अनेक आहेत.

अमेरिकेतील तळ्यांत क्रॅपी नावाचा एक चपटा, चंदेरी मासा असतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, तेव्हा दिवसा तो खोल, गार पाण्यात किंवा बुडालेल्या झाडाझुडपांच्या आडोशाला राहतो. रात्र झाली की तो भक्ष्यासाठी बाहेर पडतो. गळ टाकणारे लोक होडीच्या कडेला कंदील टांगतात किंवा पाण्यातच दिवा सोडतात आणि वाट पाहत बसतात. प्रथम पाण्यातील अतिसूक्ष्म जीव उजेडाभोवती गोळा होतात. त्यांना खाण्यासाठी बारीक मासळी येते आणि त्या मासळीमागे क्रॅपी येतो. म्हणजे तो दिव्यासाठी येत नाही, भुकेसाठी येतो. या माशाचे तोंड कागदासारखे पातळ असते. गळाला हिसका दिला की ते फाटते आणि मासा निसटतो. म्हणून जाणते लोक दोरी हलक्या हाताने ओढतात.

आता आपल्या कोकण किनाऱ्याकडे पाहा. येथेही रात्रीची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अंधाऱ्या रात्री पाण्यात उठणाऱ्या चमकीवरून तारली-बांगड्यांचा थवा ओळखणारे डोळे आपल्या कोळी बांधवांना लाभले आहेत. परंतु अलीकडच्या काळात जनरेटरवर चालणारे प्रखर एलईडी दिवे समुद्रात आले. त्या झगमगाटाकडे दूरदूरची मासळी ओढली जाते आणि मोठ्या जाळ्याने एकाच वेळी वेढली जाते. वाढ झालेले मासे सापडतात, तशी अंडी घालण्याच्या वयालाही न पोहोचलेली पिल्लेही सापडतात. रापण ओढणाऱ्या किंवा लहान होडी घेऊन जाणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याला रिकामे पाणी उरते. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा दिव्यांच्या मासेमारीस बंदी घातली. तरीही असे दिवे लावणाऱ्या बोटींविषयी किनाऱ्यावरून तक्रारी उठतच राहिल्या.

उजेड ही देवाची पहिली देणगी. तोच उजेड भुकेल्या जिवाला फसवण्यासाठी वापरता येतो, ही गोष्ट आपल्याला विचार करावयास लावणारी आहे. आपणही जगाचा प्रकाश म्हणवून घेतो. आपला दिवा कशासाठी लावलेला आहे?

लूकाने येथे माणसे धरण्यासाठी जे ग्रीक क्रियापद योजले आहे, त्याचा मूळ अर्थ 'जिवंत धरणे' असा आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद राहाबेच्या तोंडी आले आहे. यरीहोचा नाश जवळ आला असता तिने हेरांना विनविले की, माझ्या आईबापांचे व घरच्यांचे प्राण वाचवा (यहोशवा 2:13). म्हणजे प्रभूने शिमोनाला जे काम दिले, ते पूर्वीच्या कामाच्या अगदी उलट होते. आजवर त्याच्या हाती आलेला प्रत्येक मासा मरत असे. यापुढे त्याच्या हाती येणारा माणूस जगावयाचा होता.

आपल्याच भूमीतील एक उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले. भूक म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व विधवांना पुणे जिल्ह्यात घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुलींना अन्न मिळाले, अक्षर मिळाले, विणकाम आणि छापखान्याचे काम हाताला मिळाले. भुकेपोटी आलेली मुलगी तेथे स्वतःच्या पायावर उभी राहिली. जिवंत धरणे ते हेच.

आता आपण स्वतःस विचारू या. नाताळाला मंदिरावर रोषणाई होते, सुवार्ता सभांसाठी मंडप उभे राहतात, गाणी दूरवर ऐकू जातात. या उजेडाकडे पाहून कोणी बेकार तरुण येतो, कोणी नवऱ्याने टाकलेली भगिनी येते, कोणी आजारी मुलाला कडेवर घेऊन येतो. ते आपल्या सजावटीसाठी आलेले नसतात. त्यांची भूक त्यांना घेऊन येते. त्यांचे नाव वहीत लिहिले जाते, वार्षिक अहवालात एक आकडा वाढतो. त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांच्या दाराशी कोण जाते? कोणीच जात नसेल, तर आपण त्यांना धरले खरे. पण जिवंत धरले असे कसे म्हणावे?

घराविषयीही हेच आहे. उपासनेपासून दूर जाऊ लागलेल्या मुलाला आपण धाकाने, चारचौघांत बोलून ओढू पाहतो. त्याचे मन त्या माशाच्या तोंडासारखे नाजूक असते. हिसका बसला की ते फाटते आणि मुलगा दूर निघून जातो. सौम्यता हे आत्म्याचे फळ आहे, हे गलतीकरांस लिहिणाऱ्या पौलाने उगीच सांगितले नाही.

तिबिर्याच्या काठावरील त्या पहाटेकडे पुन्हा वळू या. शिष्य एकशे त्रेपन्न मासे घेऊन काठाशी आले, तेव्हा तेथे कोळशाचा विस्तव आधीच पेटलेला होता. त्यावर मासळी होती, भाकरही होती. त्यांनी आणलेल्या माशांवाचून प्रभूचे काही अडले नव्हते. रात्रभर जागलेल्या, थकलेल्या माणसांना न्याहारी मिळावी म्हणून त्याने तो विस्तव पेटविला होता. त्या न्याहारीनंतर त्याने पेत्राला एकदाही विचारले नाही की, किती मासे धरलेस? त्याने प्रीतीविषयी विचारले आणि कोकरांना चारण्याचे काम सोपविले. कोळ्याला मेंढपाळ केले.

वाचकहो, ज्यांची रात्र रिकामी गेली आहे, त्यांच्यासाठी हा विस्तव आजही आहे. आणि ज्यांना त्याच्याजवळ ऊब मिळाली, त्यांनी आपला दिवा त्याच विस्तवावरून लावावा. येत्या रविवारी मंडळीतून न दिसणाऱ्या एका तरी माणसाच्या घरी जावे. त्याने आपले रिकामे जाळे दाखविले, तर दोष न देता त्याच्याजवळ बसावे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमचा उजेड कोणासाठी फास होऊ देऊ नकोस. आमच्या हातांना सौम्यता दे. तू आमच्याकडे पाठविलेला प्रत्येक जीव आमच्याजवळ जगावा, एवढी कृपा कर. आमेन.