आधी चाखा, मग सही

माथेरानच्या डोंगराखाली, पनवेल तालुक्यातल्या एका वाडीवरची शाळा. नोकरीचं माझं पहिलंच वर्ष, शिक्षणसेवक. पनवेलहून सकाळची एसटी चुकली की पुढची चार किलोमीटर पायी. तशाच एका दिवशी मी घामाघूम पोचलो, आणि दुपारी खिचडी शिजल्याबरोबर चव नोंदवहीत 'उत्तम' लिहून सही ठोकली. चमचा हातात घेतलाच नव्हता. आदल्या आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनीच कानमंत्र दिला होता : "महिन्याच्या सह्या एकदम करून टाका, कोण बघतंय?"

बघितलं स्वयंपाकाच्या मावशींनी. पातेल्यावरचं झाकण त्यांनी पुन्हा ठेवलं. "गुरुजी, आधी चाखा, मग सही करा." पन्नास पोरं ताटल्या वाजवत रांगेत उभी. मी चाखली. खिचडी खारट निघाली, एवढंच. मावशींनी पाणी घालून ती पुन्हा उकळली, जेवण वीस मिनिटं लांबलं. काही भयंकर घडलं नाही.

भयंकर घडलं ते बिहारमध्ये, सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत. 16 जुलै 2013. तेलात कीटकनाशक होतं आणि त्या जेवणानं 23 मुलं गेली. मुख्याध्यापिकेला 2016 मध्ये शिक्षा झाली. ती बातमी वाचली तेव्हा मला माझी 'उत्तम' आठवली.

नव्या शिक्षकानं शाळेचे नियम पाळावेत, हे सांगणारे पुष्कळ असतात आणि त्यांना बहुतेक वेळा म्हणायचं असतं, 'खाली मान घालून वागा'. मला ते म्हणायचं नाही. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या, कायम होण्याची वाट बघणाऱ्या माणसाला मान खाली घालायला शिकवावं लागत नाही. (प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन 2023 मध्ये सोळा हजारांवर गेलं, त्याआधी ते सहा हजार होतं.) त्याला जपायचं असतं ते 'चालतं हो' या दोन शब्दांपासून. लेखी नियम एक सांगतो आणि शिक्षकखोलीतला रिवाज दुसरंच. नवखा माणूस पाळतो तो रिवाज, कारण रिवाज मोडला तर चहा एकट्यानं प्यावा लागतो.

छडीचंच घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्ही बंद केलं. तरी 'आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो' हे ऐकवणारं कुणी नाही, असा एकही स्टाफ नसतो. तिथे कायदा पाळणारा नवा शिक्षक म्हणजे बंडखोरच ठरतो. किंवा सहल. फेब्रुवारी 2016 मध्ये आपल्याच रायगडात, मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलीच्या परवानगीचे कागद जाडजूड झाले. भरताना कपाळाला आठ्या पडतात, माझ्याही पडल्या. पण तो प्रत्येक रकाना कुणाच्या तरी मुलाच्या जिवावर छापला गेलाय.

सगळे नियम असे नसतात, हे कबूल. तीच माहिती तीनदा तीन नमुन्यांत मागणाऱ्या फतव्यांबद्दल बोलायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. पण न पटणाऱ्या नियमाशी भांडायचीही एक रीत आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत 1890 साली वाद पेटला तो नियमावरूनच : आजीव सभासदानं बाहेरची कामं घ्यावीत का? चोवीस वर्षांच्या गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद पत्करलं होतं. टिळकांना ते मान्य नव्हतं. बैठका झाल्या, खडाजंगी झाली आणि अखेर टिळकांनी लेखी राजीनामा दिला. स्वतः टिळकही वर्तमानपत्रांत गुंतलेले होतेच, तेव्हा बरोबर कोण यावर आजही वाद घालता येईल. पण नियमाला जाहीर विरोध आणि चोरून बगल, यांतला फरक तिथे कुणाला समजवावा लागला नव्हता.

वाडीवरून माझी बदली झाली तेव्हा चव नोंदवही नव्या गुरुजींच्या हाती दिली. मावशी चुलीपाशीच होत्या. त्यांनी काही न बोलता गुरुजींपुढे चमचा धरला.