वकिलाचे स्मरण

गेल्या २६ जानेवारीस आर्णीला, अरुणावतीकाठी, सायंकाळचा हरिपाठ आटोपला आणि वीणा खाली ठेवण्यापूर्वी आम्ही लोकनायक बापूजी अणे यांचे नाव घेतले. १९६८ साली याच तारखेस त्यांनी देह ठेवला. आपल्या जिल्ह्याचा माणूस, वणीचा जन्म, यवतमाळची वकिली. नाव घेणे उचितच होते. तोच मागून एक वृद्ध माळकरी बोलले, "महाराज, मानूस मोठा होता, ते खरं. पन वकीलच ना? खोट्याचं खरं करनारा! त्याचं नाव इठ्ठलापुढं कायले?"

मंडळी हसली. आम्हांला हसता आले नाही, कारण हा विनोद त्यांनी आमच्याच कीर्तनातून उचललेला होता. वकील, सावकार आणि सासू या तिघांवर आम्ही वर्षानुवर्षे लोकांना हसवीत आलो. ते आता आमच्याच अंगावर आले. म्हणून हे लिहिणे.

वकील म्हणजे तरी कोण? दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबाराय गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारी समाधी कोणी करविली? नामदेवरायांनी. ज्याला आत पाऊल टाकावयाची बंदी, त्याची बाजू देवाच्या दारातच कायमची मांडून ठेविली! ही वकिली नव्हे तर काय? फी मात्र घेतली नाही, एवढाच फरक.

आता बापूजींकडे पाहू. जन्म १८८० चा. आधी अमरावतीस शिक्षक, मग १९०८ पासून यवतमाळला वकील. लोकमान्यांच्या शब्दाखातर चालणारी ती पिढी. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह झाला. पण आपल्या वऱ्हाडात समुद्र कुठला? इथे सागवानाचे जंगल, आणि जंगलावर सरकारचा पहारा. ज्या रानात बापजाद्यांची गुरे चरली, तिथली गवताची काडी तोडणेही गुन्हा. मग १० जुलैस पुसदजवळच्या राखीव जंगलात बापूजींनी विळा हाती घेऊन गवत कापले. आषाढातले दिवस, पंढरीला गेलेल्या दिंड्या परतीच्या वाटेला लागतात तो काळ. विचार करा, कायदा कोळून प्यालेला माणूस! कोणते कलम लागणार, किती शिक्षा होणार, हे त्याला इतरांहून अधिक ठाऊक. पळवाटाही ठाऊक. तरी उघड्यावर गवत कापले आणि तुरुंगात गेले. खोट्याचे खरे करणारा असे करील का हो?

पुढे १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्याबद्दल त्यांना नावे ठेवणारे होते. त्या वादात आम्ही पडत नाही. पण १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी कैदेत २१ दिवसांचे उपोषण आरंभिले, सरकार त्यांना सोडीना, तेव्हा बापूजींनी ते पद सोडून दिले. होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार हेही त्यांच्यासह बाहेर पडले.

इथे तुकोबारायांची आठवण होते. महाराजांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडविले, हे आपण सारे सांगतो. पण कागद बुडविण्याआधी त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा काढून त्याच्या हाती दिला, हे सांगताना आपली जीभ घाईत असते. वैराग्य अंगी बाणले होते, तरी भावाचे कागद बुडविले नाहीत! सोडावयाचे ते आपले. भावाच्या वाट्याला हात लावावयाचा नाही. बापूजींनी सोडले ते आपले पद, भोगली ती आपली शिक्षा.

आणि संसार? आपला विठोबा विटेवर उभा राहिला तो पुंडलिक आईबापांची सेवा सोडून उठेना म्हणून. तेव्हा गृहस्थाला कमी लेखण्याचा अधिकार वारकऱ्यास तरी नाही. बापूजींचे पुरे नाव माधव श्रीहरी. पुढे नातवाचे नावही श्रीहरीच. तेही वकील, २०१५ साली राज्याचे महाधिवक्ता झाले, आणि २०१६ साली त्यांनीही पद सोडले. गेलेल्या वडिलांच्या नावाने घरात पुन्हा हाक ऐकू यावी, म्हणून नातवाला ते नाव ठेवणे, ही घराघरांतली रीत. नाव तर देवाचेच. मूल हाकेला धावले की स्मरणही घडते.

बापूजींनी स्वतः स्मरण केले ते गुरूचे. उतारवयात, बिहारचे राज्यपालपद भूषवून झाल्यावर, लोकमान्यांचे चरित्र संस्कृतात सुमारे १२,००० श्लोकांत रचले. 'तिलकयशोऽर्णवः' हे त्या ग्रंथाचे नाव. त्याला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा घ्यायला ते नव्हते.

हे सारे त्या सायंकाळी सांगून झाले. माळकरीबुवा गप्प होते. मग म्हणाले, "महाराज, ते कान्होबाच्या वाट्याचं पुन्हा एकडाव सांगा." आम्ही सांगितले. तेव्हा शेजारच्याने हळूच कानात सांगितले की, बुवांचा धाकट्या भावाशी धुऱ्यावरून सात वर्षांचा खटला चालू आहे, आणि मंगळवारी तारीख आहे.

मंगळवारी दोघे भाऊ एकाच एस.टी.ने तारखेला गेले, असे ऐकतो. तिकिटे बुवांनी काढली.