ओट्यापर्यंत आलेला परका माणूस

विकायला काढलेला फ्लॅट बघायला आलेली मंडळी दिवाणखान्यात फार रेंगाळत नाहीत. कुणी गॅलरीत जाऊन समोरची इमारत किती जवळ आहे ते बघतो, मुलं खोल्या वाटून घेतात आणि सोबत आलेली आई किंवा सासू तडक स्वयंपाकघरात जाते. नळ सोडते. धार बघते. मग कुणालाही न विचारता सिंकखालचं दार उघडून वाकून बघते. तिथे ओल असेल तर पुढचं बोलणं तिथेच थंडावतं.

मला यात एक गंमत वाटते. आपल्याकडे स्वयंपाकघर ही परक्याला शेवटी दिसणारी जागा होती. पुष्कळदा दिसायचीच नाही. पाहुणा ओसरीवर, फार तर माजघरापर्यंत. सोवळ्याच्या घरांत तर घरच्याच माणसांनाही चुलीपाशी मज्जाव असे. आता तीच जागा अनोळखी माणूस सगळ्यात आधी तपासतो. जुनं, लहान स्वयंपाकघर दाखवताना विकणाऱ्याला ओशाळल्यासारखं होतं ते केवळ भाव पडेल म्हणून नव्हे. घराची कधी कुणाला न दाखवलेली बाजू उघडी पडते.

मग एजंट म्हणतो, ‘मॉड्युलर करून घ्या, लगेच उठेल.’ हा सल्ला मला पटत नाही. कोथरूड, मुलुंड, डोंबिवलीत सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींमधली स्वयंपाकघरं आठवा: कडप्प्याचा ओटा, त्याखाली कडप्प्याचेच कप्पे आणि तारेवर ओवलेला पडदा, भिंतीला स्टीलची मांडणी, वर माळा. असा ओटा चाळीस वर्षं पाणी आणि पाटा-वरवंटा सोसून उभा असतो. त्यावर लॅमिनेटची दारं चढवली की भिंतीतली ओल झाकली जाते आणि प्लायवूड आतून फुगायला लागतं. घेणाऱ्यालाही हे कळतं. जुन्या घरात एकच खोली चकाचक दिसली की तो आधी विचारतो, काय लपवलंय? आणि घर घेतल्यावर ट्रॉल्या आपल्या पसंतीच्या बसवायच्या म्हणून तुमच्या उखडतो, ते वेगळंच.

लहान आकाराचीही उगाच लाज वाटते. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं होतं. आगगाडीच्या भोजनडब्यातला मुदपाकखाना त्यांच्या नजरेसमोर होता. बाईची पावलं वाचावीत म्हणून खोली मुद्दाम अरुंद ठेवलेली. आजच्या फिटेड किचनचं मूळ तिथे सापडतं. आपल्या बिल्डरांनी स्वयंपाकघर लहान ठेवलं ते पावलं वाचवायला नव्हे, हे मान्य. पण जेवायची जागा वेगळी असेल तर आपली राष्ट्रीय बांधकाम संहितासुद्धा पाच चौरस मीटरचं स्वयंपाकघर पुरेसं धरते.

लहान खोली कोंदट वाटते ती उजेडामुळे. जुन्या घरांत ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर असते. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली चिरायच्या भाजीवर पडते. वर्षानुवर्षं त्या सावलीत भाजी चिरणाऱ्याला ती दिसेनाशी होते. नव्या माणसाला मात्र नुसतं ‘अंधारं आहे’ इतकंच जाणवतं. मांडणीखाली एक एलईडी पट्टी लावली की ओटा उजळतो. मग एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवरचा चिकट थर गरम पाण्यात सोडा घालून काढावा, नळाचा वॉशर बदलावा, ओट्यावरचे फिल्टर-मिक्सर-बरण्या निम्म्याने हलवाव्यात. कडप्प्याला अ‍ॅसिड किंवा लिंबू मात्र लावू नये. तो चुनखडीच्या जातीचा दगड, आंबटाने पांढरट चट्टे पडतात. साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून वर तेलाचं बोट फिरवलं की पुन्हा काळाभोर दिसतो.

खरा पेच वासाचा. ‘लोक बघायला येणार त्या दिवशी मासे तळू नका’ हे एजंट हळू आवाजात सांगतो आणि त्यामागचा व्यवहार सगळ्यांनाच ठाऊक असतो. आपल्या शहरांत घेणाऱ्याचं नाकही कधी कधी जात शोधत असतं. शिळ्या तेलाचा आणि तुंबलेल्या मोरीचा वास घालवणं ही स्वच्छता झाली. पण तीस वर्षं ज्या घरात तव्यावर बोंबील कुरकुरीत झाले, त्या घरात कधी कुणी मांसमच्छी खाल्लीच नाही असा देखावा करणं ही शरणागती. अमेरिकेत घर दाखवण्याआधी ओव्हनमध्ये बिस्किटं भाजायची युक्ती सांगतात, घरपणाचा वास यावा म्हणून. आपल्याकडे आलं ठेचून चहा टाकला तरी पुरतं, आणि तो आलेल्यांना देताही येतो.

देवाचे फोटो, फ्रिजवरची मुलांची चित्रं काढायची का, हेही विचारतात. थोडी काढावीत, जागा मोकळी दिसते. सगळी उतरवली तर खोली भाड्याची वाटायला लागते. न्हाणीघराला लागून असलेली भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर ती आपणहून दाखवावी, नाहीतर सिंकखाली वाकलेल्या सासूबाई ती शोधतातच. आणि एजंट मॉड्युलरचा हट्ट सोडत नसेल तर ट्रॉल्यांचं कोटेशन मागवून तेवढी रक्कम भावात कमी करायची तयारी दाखवावी. लॅमिनेटचा रंग नव्या माणसांनी निवडावा.