न मिळण्याची साक्ष

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न मिळण्याला, ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिकांना अशा वेगळ्या प्रमाणाची गरज वाटत नाही. एक अट मात्र दोन्ही बाजू पाळतात: वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणे ही नसण्याची साक्ष होते. लख्ख उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. काळोखात दिसला नाही तर काहीच ठरत नाही. ‘शोधूनही देव सापडला नाही’ या विधानाचे वजन याच अटीवर तोलले पाहिजे, आणि ती अट कशी काम करते हे वायफायच्या अँटेनाइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

राउटरच्या उभ्या दांडीभोवती लहरी आडव्या पसरतात. टोकाच्या रेषेत जवळजवळ काहीच जात नाही. म्हणून दूरच्या खोलीकडे दांडीचे टोक रोखणारा नेमके त्याच खोलीचे नुकसान करतो. अँटेना ऊर्जा निर्माण करत नाही, एका दिशेला जास्त देते ते दुसरीकडचे कमी करून. लांब पल्ल्यावर समोरचा मनोरा स्पष्ट दिसणेही पुरत नाही: २.४ गिगाहर्ट्‌झच्या १० किलोमीटर अंतरात मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे १८ मीटर त्रिज्येची जागा बरीचशी मोकळी लागते, नाहीतर खालची झाडेसुद्धा आड येतात. २००७ साली व्हेनेझुएलात डोंगरमाथ्यांवर मोठ्या अँटेना अचूक रोखून साध्या राउटरांनी ३८२ किलोमीटरचे अंतर जोडले गेले. त्यासाठी उत्तराची वाट पाहण्याची राउटरची ठरलेली पद्धतही बदलावी लागली, कारण एरवी उत्तर पोचण्याआधीच यंत्र ‘कोणी नाही’ असे ठरवून टाकते. वायफाय काही खोल्यांपुरतेच चालते, हा अनुभव लहरींच्या मर्यादेबद्दल फार थोडे सांगत होता.

यावर आक्षेप येईल की ही तर श्रद्धावानाची हक्काची पळवाट झाली. काही मिळाले नाही की ‘तुमची अँटेना चुकली’ म्हणायचे. आक्षेप रास्त आहे. पण अँटेनाची चूक कुठली, हे आधी आणि कोणालाही तपासता येईल असे सांगता येते. ज्याला तशी अट सांगता येत नाही, त्याला ही सबब वापरण्याचा अधिकार नाही. अमुक नवसाने रोग हटतो, हा दावा खरा असता तर परिणाम दिसलाच असता. तिथे न दिसणे हा पक्का पुरावा आहे, आणि तो निःसंकोच मान्य करावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: लहरी आहेत हे आपल्याला ठाऊक असते, देवाबद्दल तर तोच वाद आहे. पण १९६४ साली न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनाही आपण काय ऐकतो आहोत हे ठाऊक नव्हते. अँटेना कुठेही वळवली तरी एक खरखर राहत होती; त्यांनी यंत्राचे दोष एकेक करून तपासले, आत साचलेली कबुतरांची विष्ठाही काढली, आणि तरीही उरलेली खरखर विश्वाच्या आरंभीच्या काळातले प्रारण ठरली. त्यांना वस्तू माहीत नव्हती, यंत्र पुरते माहीत होते. धर्मात यंत्र म्हणजे मन, आणि ते आपल्याला तितके माहीत नाही. शिवाय वर्षानुवर्षे एकाच अपेक्षेने घडवलेले मन हवा तो अनुभव स्वतःच उभा करू शकते, म्हणून साधकाचे ‘आहे’ही तपासावेच लागते. निर्गुण ब्रह्म तर इंद्रियांचा विषयच नाही, असे अद्वैतच म्हणते. मग ‘असते तर दिसले असते’ ही अट तिथे लागू करता येत नाही, आणि ते दिसत नाही एवढ्यावरून नास्तिकाला निकाल देता येत नाही, तसाच आस्तिकालाही त्या न दिसण्याचा आधार घेता येत नाही.