हात आखडू नये



वाचून झालेलं पुस्तक कपाटात वर्षानुवर्षं पडून असतं. पण कुणी मागितलं, की आपला हात जरा आखडतो. का बरं आखडतो?

इंग्लंडमधला पुस्तकविक्रेता जेम्स लॅकिंग्टन मूळचा जोडे शिवणारा. एका नाताळच्या आदल्या दिवशी तो जेवणाचं सामान आणायला बाहेर पडला. घरातले शेवटचे पैसे खिशात होते. परतला तो कवितेचं पुस्तक घेऊन! त्याच्या बायकोचा चेहरा आपण डोळ्यांसमोर आणू शकतो.

१७७४ मध्ये त्याने लंडनला छोटंसं दुकान थाटलं. पुस्तकंही आणि जोडेही. त्या काळी विक्रेते न खपलेल्या प्रती लिलावात घेत आणि त्यातल्या कितीतरी चक्क जाळून टाकत. उरलेल्यांचा भाव टिकावा म्हणून. पुस्तकं जाळायची, तीही पुस्तक विकणाऱ्यांनी! थोडे दिवस लॅकिंग्टननेही तेच केलं. मग त्याला उमगलं, हात आखडू नये. सगळ्या प्रती तो अर्ध्या, पाव किमतीला विकू लागला. उधारी मात्र बंद. रोख पैसे येत, म्हणून भाव उतरवता येई.

विक्रेते चिडले. वाचक वाढले. तो काही संत नव्हता. पुढे श्रीमंत झाला, स्वतःच्या बग्गीतून फिरला. पण जे आपल्याकडे पडून आहे, ते दुसऱ्याच्या हाती गेल्याने आपण गरीब होत नाही, हे त्याला दुकानात उभं राहून कळलं.

श्रोतेहो, आज कपाट उघडा. एक पुस्तक काढा. ते कुणाला द्यायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे.