उपवासांतील पेय

उपवास म्हणजे न खाणें, एवढी व्याख्या कोणीहि करील. परंतु न खाणाऱ्यानें प्यावें काय, हा प्रश्न निघाला कीं ती व्याख्या डळमळूं लागते. निर्जळा एकादशी करणारा पाण्याचा थेंबहि वर्ज्य मानतो. दुसरा पाणी घेतो, तिसरा दूध आणि चहा घेतो, चौथा मोसंब्याचा रस घेतो. आणि चौघेहि आपण उपाशी आहों असेंच सांगतात. अलीकडे केवळ फळांच्या व भाज्यांच्या रसावर तीन-चार दिवस राहण्याची जी प्रथा सुशिक्षित कुटुंबांतून दिसूं लागली आहे, तिनें या जुन्या प्रश्नाला नवें निमित्त दिलें आहे. प्रश्न वरवर आहारशास्त्राचा दिसतो. माझ्या मतें तो मुख्यतः नीतीचा आहे.

आहारशास्त्राला जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत सांगतां येतें. पाव लिटर संत्र्याच्या रसांत सुमारें २० ते २५ ग्रॅम साखर असते, आणि चोथा गाळून टाकल्यामुळें ती रक्तांत लवकर उतरते. दिवसांतून असे सहा पेले घेणाऱ्याच्या पोटांत साखर भरपूर जाते, प्रथिनें मात्र नांवालाच. मधुमेह असणाऱ्यानें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून या वाटेस जाऊंच नये. काकडीच्या किंवा टोमॅटोच्या रसांत साखर पुष्कळच कमी असते. पातळ ताकांत थोडीं प्रथिनें मिळतात. दुधीचा रस कडू लागला तर तो तत्काळ टाकून द्यावा. तो विषारी असतो व त्यानें माणसें दगावलींहि आहेत. रसानें शरीरांतील विष धुऊन निघतें ही समजूत मात्र निराधार आहे; तें काम यकृत आणि मूत्रपिंडें कोणीं न सांगतां रोज करीत असतात.

येथें शास्त्राची हद्द संपते. अमुक पेयांत काय आहे हें तें सांगूं शकतें. तें घेतल्यानें माझा उपवास राहिला कीं मोडला, हें तें सांगूं शकत नाहीं. तो निर्णय आपण बहुधा यादीवर सोपवितों. उपवासाला काय चालतें आणि काय चालत नाहीं यांची यादी प्रत्येक घरांत तोंडपाठ असते. परंतु या यादीचें प्रामाण्य तें कितीसें? बटाटा, मिरची आणि भुईमूग हे तिन्ही पदार्थ अमेरिका खंडांतून आलेले. आमच्या प्राचीन शास्त्रकारांना ते ठाऊकहि नव्हते. तरी ते यादींत आहेत, आणि गहूं बाहेर आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्या समाजानें घडविली, त्याला यादी पाळूनहि उपवास मोडतां येतो हें पुरतें उमगलें होतें.

मग कसोटी कोणती? या बाबतींत गांधीजींच्या आयुष्यांतील दोन प्रसंग फार उद्बोधक आहेत. पहिला दुधाचा. १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत त्यांनीं दूध सोडलें. पुढें १९१८-१९ च्या मोठ्या दुखण्यांत शरीर अगदीं खंगलें, तेव्हां कस्तुरबांनीं सुचविलें कीं व्रत घेतांना आपल्या मनांत गाय आणि म्हैसच होती, तर शेळीचें दूध घेण्यास काय प्रत्यवाय आहे? गांधीजी कबूल झाले आणि बरेहि झाले. परंतु व्रताचा शब्द तेवढा राखला गेला, हेतु गेला, ही टोंचणी त्यांना राहिली आणि ती त्यांनीं आत्मचरित्रांत लपविली नाहीं.

दुसरा प्रसंग १९४३ चा. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्यें स्थानबद्ध असतांना त्र्याहत्तर वर्षांच्या गांधीजींनीं १० फेब्रुवारीपासून एकवीस दिवसांचा उपवास केला. तो सुरू होण्यापूर्वींच त्यांनीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांना कळविलें होतें कीं, नुसतें पाणी आतां शरीराला सोसत नाहीं, म्हणून तें पिण्याजोगें होण्यासाठीं मी त्यांत लिंबाच्या जातीच्या फळांचा रस घालीन. मला मरावयाचें नसून या दिव्यांतून पार पडावयाचें आहे. इकडे पंतप्रधान चर्चिल यांना संशय आला कीं गांधी पाण्यांतून ग्लुकोज घेतात, आणि त्यांनीं त्याचा तपास करण्यास कळविलें. व्हाइसरॉयचें उत्तर असें गेलें कीं, डॉक्टरांनीं ग्लुकोज घेण्याचा आग्रह केला, पण गांधींनीं साफ नकार दिला.

रसायनशास्त्रज्ञ येथें हंसेल. मोसंब्याच्या रसांतहि साखरच असते. मग रस चालतो आणि ग्लुकोज चालत नाहीं, हा भेद कसला? भेद पदार्थांत नाहीं, वचनांत आहे. रस आधीं सांगितलेला होता, आणि कशासाठीं तेंहि सांगितलेलें होतें. ग्लुकोज सांगितलेलें नव्हतें. सवलत आधीं मागितली तर ती व्रताचीच एक मर्यादा होते. भूक लागल्यावर शोधली तर ती पळवाट होते. शेळीच्या दुधाची सवलत मागाहून सांपडली, मोसंब्याच्या रसाची आधीं जाहीर झाली. या दोहोंच्या दरम्यान चोवीस-पंचवीस वर्षांचें आत्मपरीक्षण आहे असें मला वाटतें.

यावर कोणी म्हणेल, मग आधीं जाहीर करून बासुंदी पिण्यास हरकत नाहीं! हरकत आहे, आणि ती हेतूची आहे. पोटाला विसांवा, जिभेवर ताबा, अंतःकरणाची शुद्धि किंवा अन्यायाचा निषेध, यांपैकीं जो हेतु असेल त्याला जें पेय साह्य करतें तें योग्य. जें त्या हेतूचा पाया खणतें तें यादींत असूनहि अयोग्य. जिभेवर ताबा मिळविण्यासाठीं बसलेला मनुष्य सकाळीं आंबा, दुपारीं अननस आणि रात्रीं डाळिंब अशा रसांचें वेळापत्रक आंखीत असेल, तर त्याच्या जिभेला सुटी मिळालेली नसून बढती मिळालेली आहे. उलट चक्कर येऊं लागल्यावर जो सरळ उपवास सोडतो आणि 'मीं सोडला' असें सांगतो, त्याचा उपवास मोडला तरी सत्य मोडत नाहीं. औषध घेणाऱ्या वृद्धानें दूध घेतलें, गरोदर स्त्रीनें उपवासच केला नाहीं, तर त्यांत कसलीहि न्यूनता नाहीं. शरीराची हेळसांड हा कोणत्याच व्रताचा हेतु असूं शकत नाहीं.

म्हणून पेयाची निवड भुकेच्या आधीं, शांत चित्तानें आणि घरच्यांच्या देखत व्हावी. पेल्यांत काय आहे हें पाहणारे पुष्कळ असतात. तो कशासाठीं उचलला हें मात्र उचलणाऱ्यालाच ठाऊक असतें, आणि उपवासाचा खरा हिशेब तेथेंच द्यावा लागतो.